तेहतीस मिनिटं आणि दीड तास

(विमान उड्डाणांच्या नियोजनात डिस्पॅचर म्हणून एकतीस वर्षं काढल्यावर निवृत्त झाले. या सदरासाठी आलेल्या पत्रांत या वेळी बेटं फार. सुट्ट्या जवळ आल्याचं ते लक्षण असावं.)

प्रश्न: ताई, आम्ही पाच जण कोचीहून लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर जाणार आहोत. मी इंटरनेटवर अंतर बघितलं. एका ठिकाणी ४५९ किलोमीटर, दुसरीकडे ४६८. उड्डाणाचा वेळ म्हणे ३३ मिनिटं! आणि आमच्या तिकिटावर चक्क दीड तास. माझे सासरे भूमापन खात्यातून निवृत्त झालेत. ते म्हणतात, दोन ठिकाणांमधलं अंतर एकच असतं, दोन आकडे देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. घरात रोज यावरून वाद. खरं काय?

उत्तर: सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना त्यांच्याच धंद्यातला प्रश्न विचारा: मोजणी कुठल्या खुंटीपासून?

मी स्वतः अक्षांश-रेखांश घेऊन बसले. नेदुंबासेरीचा आजचा कोची विमानतळ धरला, तर अगत्तीच्या धावपट्टीपर्यंत सरळ अंतर येतं साधारण ४६८ किलोमीटर. मग खुंटी उचलली आणि विलिंग्डन बेटावर ठोकली. उत्तर आलं ४५९. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त निघायची जागा वेगळी. विलिंग्डन बेटावर कोचीचं बंदर आहे आणि १९९९ मध्ये नेदुंबासेरी सुरू होईपर्यंत शहराचा नागरी विमानतळही तिथेच होता, नौदलाच्या आवारात. विमानतळ हलला, पण जुना आकडा पुस्तकांतून, माहितीपत्रकांतून आणि आता संगणकांतून फिरतोच आहे. गंमत म्हणजे हे विलिंग्डन बेटही माणसानं केलेलं आहे. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या बंदर-अभियंत्याच्या काळात खाडीतला गाळ उपसून भर घातली, त्यातून ते उभं राहिलं. म्हणजे एके काळी लोक कोचीहून अगत्तीला जायचे ते एका बेटावरूनच दुसऱ्या बेटावर.

आता ती ३३ मिनिटं. ४६८ ला ८५० नं भागा, मिळाली. अंतर सांगणाऱ्या बहुतेक यंत्रांच्या पोटात मोठ्या जेट विमानाचा वेग ठासून भरलेला असतो, ताशी आठशे-नऊशे किलोमीटर. अगत्तीची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. निमुळत्या बेटाच्या टोकावर, दोन्ही बाजूंना पाणी. १९८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा एकोणीस आसनांचं डॉर्निअर डोळ्यांसमोर होतं. तिथे जातात ती एटीआरसारखी पंख्याची विमानं, आणि त्यांचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. लगेच ३३ ची ५६ मिनिटं झाली.

पण तीसुद्धा कागदावरचीच, कारण विमान काही हवेत पाचशेच्या वेगानं जन्माला येत नाही. चढताना ते हळू असतं आणि उतरतानाही. नेदुंबासेरीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उडतं. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर तुमचं विमान आधी पूर्वेला, म्हणजे अगत्तीकडे पाठ करून उडेल आणि मग वळसा घालून पश्चिमेला लागेल. तिथे चार-पाच मिनिटं जातात. आकाशात ठरलेल्या बिंदूंवरून जावं लागतं, दोरी ताणल्यासारखं सरळ जाता येत नाही, त्यामुळे काही किलोमीटर वाढतात. उतरतानाही कधी थेट धावपट्टीवर येता येतं, कधी बेटाला फेरी मारून दुसऱ्या टोकानं यावं लागतं. या सगळ्यांची बेरीज केली की हवेतला वेळ सव्वा तासाच्या जवळ जातो.

उरलेली पंधरा मिनिटं जमिनीवरची. विमानाच्या चाकाला उभं असताना पाचरी लावलेल्या असतात, आम्ही त्यांना चॉक्स म्हणतो. तिकिटावरचा वेळ मोजतात तो विमान उभ्या जागेवरून हललं तिथपासून ते पलीकडे जाऊन चाकांना पुन्हा पाचरी लागेपर्यंत. आमच्या भाषेत ‘ब्लॉक टाइम’. त्यात विमान उभ्या जागेवरून मागे ढकलणं आलं, धावपट्टीपर्यंतची रांग आली, ‘तुमच्या आधी दोन विमानं आहेत’ आलं. शिवाय वेळापत्रक आखणारा माणूस वर्षभराच्या उड्डाणांवर नजर टाकून थोडी सैल वेळ ठेवतो. रोज उशिरा पोचण्यापेक्षा अधूनमधून दहा मिनिटं आधी पोचलेलं बरं, आणि तेवढ्याचं श्रेयही मिळतं.

तुमच्या घरच्या वादाचा निकाल असा की अंतराच्या बाबतीत सासरे अर्धे बरोबर आणि वेळेच्या बाबतीत तिकीट पूर्ण बरोबर. आणि त्या दीड तासावरही फार विसंबू नका. विमानतळावर आधी पोचणं, परवान्याचे कागद दाखवणं (लक्षद्वीपला बाहेरच्या भारतीयालाही प्रवेश परवाना लागतो, तो सामानात खाली टाकू नका, हातात ठेवा) आणि पुढे बेटांमधली होडी, हे सगळं धरलं तर तुमचा अर्धा दिवस गेला असं समजा. तरीही कोचीहून जहाजानं बेटांवर जायला साधारण चौदा ते अठरा तास लागतात, त्यापुढे हे काहीच नाही. मला मात्र कुणी विचारलंच तर एकदा तरी जहाजानं जा असं मी सांगेन. एकतीस वर्षं विमानाचं खाल्लं, तरी सांगेन.

प्रश्न: जाताना वेळ जास्त आणि येताना कमी का दाखवतात? अंतर तर तेच. पृथ्वी फिरते म्हणून का?

उत्तर: पृथ्वीला यात ओढू नका. ती फिरते तेव्हा हवाही तिच्याबरोबर फिरते, विमानही. कारण आहे वारा.

विमानाचा वेग हवेच्या मानाने असतो, जमिनीच्या मानाने नाही. पावसाळ्यात अरबी समुद्रावर खालच्या थरांत वारा पश्चिमेकडून येतो. दीड किलोमीटर उंचीच्या आसपास त्याला सर्वांत जोर असतो, वर जाल तसा तो मंदावतो. कोचीहून अगत्तीला जाणारं विमान त्याला छातीवर घेतं, परतणाऱ्याला तो पाठीवर मिळतो.

इथे एक फसवी समजूत आहे आणि नवीन मुलांना शिकवताना मी मुद्दाम त्यांना तिच्यात पडू द्यायचे. जाताना जेवढा वेळ वाया गेला तेवढा येताना वसूल होतो, असं सगळ्यांना वाटतं. हिशेब करा. वारा नाही, वेग ५००, जाऊन-येऊन ९३६ किलोमीटर, तर ११२ मिनिटं. आता ताशी १०० चा वारा धरा. जाताना वेग ४००, वेळ ७० मिनिटं. येताना वेग ६००, वेळ ४७ मिनिटं. बेरीज ११७. पाच मिनिटं गेली कुठे? समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, पाठीच्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो. वारा कुठलाही असो, जाऊन-येऊन तो नेहमी तोट्यातच घालतो.

प्रश्न: एका छोट्या बेटावर जाताना आमची एक बॅग कंपनीनं मागे ठेवली आणि दोन दिवसांनी पाठवली. विमानात मागच्या चार सीट रिकाम्या होत्या! मी स्वतः मोजल्या. मग बॅग का नाही घेतली?

उत्तर: ही तक्रार मी काउंटरच्या पलीकडून इतक्या वेळा ऐकली आहे की वाचतानाच तुमचा आवाज चढलेला ऐकू आला.

रिकामी सीट म्हणजे रिकामी जागा. विमानाला जागेची अडचण क्वचितच येते, अडचण येते ती वजनाची. धावपट्टी आखूड असली की किती वजन घेऊन उतरता येईल आणि पुन्हा उडता येईल याला मर्यादा येते. ती मर्यादा रोज बदलते. दुपारी हवा तापली की विरळ होते, पंखाला उचलायला कमी हवा मिळते, इंजिनाचाही जोर घटतो. धावपट्टी ओली असेल तर थांबायला जास्त लांबी लागते. वारा समोरून असेल तर चार बॅगा जास्त जातात, पडला तर त्याच चार बॅगा खाली उतरतात. तुमच्या चार रिकाम्या सीट बहुधा कंपनीनं मुद्दामच विकल्या नव्हत्या.

काय उतरवायचं याचा क्रम असतो. आधी माल, मग बॅगा, अगदीच वेळ आली तर माणसं. हा निर्णय लोडशीटवर, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशेबाच्या कागदावर, सही होण्याआधीच्या वीस मिनिटांत होतो, आणि तेव्हा कुठल्या बॅगेत काय आहे हे आम्हाला माहीत नसतं. एकदा एका बेटाच्या फेरीवर मी तेवीस किलोची एक पत्र्याची पेटी उतरवली. वजनाच्या दृष्टीनं ती सोयीची होती, एकच उचलली की काम झालं. पुढचे दोन दिवस पावसानं उड्डाणच झालं नाही. तिसऱ्या दिवशी पेटी गेली. महिन्याभरानं पेटीची मालकीण परतीच्या प्रवासात मला शोधत आली. बेटावरच्या शाळेत नव्यानं लागलेली शिक्षिका. पेटीत वह्या-पुस्तकं होती आणि तिचे सगळे कपडे. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. ती म्हणाली, ‘‘पेटीपेक्षा मी जड आहे. मलाच ठेवायचं होतंत ना, तुमचं जास्त वजन वाचलं असतं.’’ आणि हसली. मी क्षमा मागितली. नियमात ती बसत नव्हती, पण मागितली.

एक उपाय सांगते. औषधं, चष्मा, एक जोड कपडे, चार्जर आणि परवाना नेहमी हातातल्या पिशवीत. आणि छोट्या बेटाला जाताना एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान घ्या. दोन्ही मागे राहण्याची शक्यता कमी असते. माझ्यासारख्या डिस्पॅचरला मोठी बॅग आधी दिसते, हे कबूल करते.

प्रश्न: विमान बेटापर्यंत गेलं, बेट खिडकीतून दिसलं, आणि न उतरता परत शहरात आलं. पाऊस होता, मान्य. पण थोडा वेळ घिरट्या घालून थांबले असते तर? तीन तास बसून आम्ही जिथून निघालो तिथेच उतरलो.

उत्तर: घिरट्या घातल्याच असतील. तुम्हाला वळणं कळली नसतील.

विमानात इंधन भरताना तळाशी एक रक्कम असते जिला हात लावायचा नसतो: विमानतळावर पोचून आणखी तीस मिनिटं हवेत राहता येईल एवढी. तिच्या वर प्रवासाचं इंधन, अंदाज चुकला तर म्हणून थोडं जास्तीचं, आणि ठरलेल्या जागी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं. शहरांच्या बाबतीत हे दुसरं विमानतळ जवळ असतं. बेटाच्या बाबतीत? अगत्ती हे लक्षद्वीपमधलं एकमेव विमानतळ आहे. तिथे जमलं नाही तर पुढचा थांबा म्हणजे परत मुख्य भूमी. तुमच्या वैमानिकानं घड्याळ लावून ठेवलेलं असतं: एवढ्या मिनिटांपर्यंत ढग सरकले तर उतरू, नाहीतर वळू. त्या मिनिटानंतर एक मिनिटही जास्त नाही. बेट दिसणं आणि धावपट्टी दिसणं यात फरक आहे. पावसाची सर धावपट्टीच्या एका टोकावर उभी असेल तरी पुरे.

आणि हा पेच बघा. परतीचं इंधन जास्त नेलं की विमान जड होतं. जड झालं की आखूड धावपट्टीवर बॅगा कमी. आधीच्या पत्रातली पेटी आणि तुमच्या पत्रातला परतीचा प्रवास हे एकाच लोडशीटचे दोन रकाने आहेत.

जगात काही बेटं इतकी एकटी आहेत की परत फिरणंही परवडत नाही. त्यांच्यासाठी नियम वेगळा: जवळ पर्यायी विमानतळ धरायचा नाही, पण बेटावर पोचल्यावर दोन तास उडता येईल एवढं इंधन टाकीत हवं. प्रवासात एक बिंदू येतो, त्याच्या अलीकडे असाल तर परत फिरू शकता, पलीकडे गेलात की बेटच. त्या बिंदूवर बेटाचं ताजं हवामान विचारायचं आणि मगच पुढे जायचं.

सेंट हेलेना माझं या बाबतीतलं आवडतं बेट आहे. कधी पाहिलं नाही, पण त्याचे हवामान अहवाल हौसेनं वाचले. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जवळजवळ दोन हजार किलोमीटर, सर्वांत जवळचं दुसरं बेट असेन्शन, तेही सुमारे तेराशे किलोमीटरवर. १८१५ मध्ये नेपोलियनला इंग्लंडहून तिथे न्यायला जहाजाला सुमारे दहा आठवडे लागले. त्यानंतर दोनशे वर्षं माणसं जहाजानंच गेली, अलीकडच्या काळात केपटाउनहून पाच-सहा दिवस. मग कड्यावर विमानतळ बांधला. २०१६ मध्ये तो सुरू व्हायचा होता, पण धावपट्टीच्या टोकाशी कड्यावरून वारा असा उसळतो की उतरताना विमानाच्या खालची हवा अचानक बदलते. मोठ्या विमानाचा विचार सोडावा लागला. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये एम्ब्रेअर १९० जातीच्या त्या मानानं छोट्या विमानानं जोहान्सबर्गहून नियमित फेरी सुरू झाली, तीही वाटेत नामिबियात इंधनासाठी थांबून आणि सगळ्या सीट न भरता. तिथलं ‘अंतर किती’ याचं उत्तर किलोमीटरमध्ये देऊन काही उपयोग नाही.

तुमचे तीन तास वाया गेले याचं वाईट वाटतं. पण वळण्याचा निर्णय ज्यानं घेतला त्याच्या विमानात मी माझ्या मुलीला बसवेन.

प्रश्न: मी सातवीत आहे. बेटावर गेल्यावर घड्याळ बदलायचं का? आणि खिडकी कुठल्या बाजूची घेऊ?

उत्तर: सगळ्या पत्रांत तुझं पत्र सर्वांत लहान आणि प्रश्न दोन. शाबास.

अगत्तीला जात असशील तर घड्याळ तेच, सगळ्या भारताची एकच वेळ. पण सूर्याला ते माहीत नाही. अगत्ती कोचीच्या पश्चिमेला सव्वाचार अंशांवर आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणून तिथे सूर्य कोचीपेक्षा साधारण सतरा मिनिटं उशिरा मावळतो. कोचीतल्या मावशीला फोन लावून ‘तुझ्याकडे अंधार झाला का?’ असं विचार. तिच्याकडे झालेला असेल आणि तू अजून पाण्यात खेळत असशील.

घड्याळाची खरी मजा ऑस्ट्रेलियातल्या लॉर्ड हाउ बेटावर आहे. सिडनीहून विमानानं साधारण दोन तास. तिथल्या हिवाळ्यात बेटाचं घड्याळ सिडनीच्या अर्धा तास पुढे असतं. दहाला निघालास की तिथे साडेबारा वाजलेले. परत येताना साडेबाराला निघून दोनला पोचलास, म्हणजे तिकिटावर दीडच तास! उन्हाळ्यात सिडनीवाले घड्याळ एक तास पुढे सरकवतात आणि बेटावरचे फक्त अर्धा तास, म्हणून मग दोन्हीकडे एकच वेळ. फक्त अर्ध्या तासानं घड्याळ सरकवणारं हे बेट मला फार आवडतं. तिकिटावरचे दोन्ही आकडे नेहमी त्या त्या ठिकाणच्या घड्याळाचे असतात हे लक्षात ठेव, म्हणजे फसणार नाहीस.

आता खिडकी. एटीआरचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे कुठेही बसलास तरी खाली बघायला पंख आड येत नाही. कोचीहून जाताना विमानाचं तोंड पश्चिमेला आणि किंचित उत्तरेला असतं. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे, म्हणजे तुझ्या डाव्या हाताला. उजवी खिडकी घे, डोळ्यांवर ऊन येणार नाही. येताना डावी. उतरायच्या दहा मिनिटं आधी कान गच्च झाले तर जांभई दे आणि खाली बघत राहा. आधी सगळं गडद निळं दिसेल, मग एकदम फिकट हिरवा पट्टा येईल. ते लगून, म्हणजे बेटाभोवतीचं उथळ पाणी. त्याच्या कडेला नारळाची झाडं आणि टोकाला एक करडी रेघ दिसली की ती धावपट्टी. तिची लांबी खिडकीतून किती वाटली ते मला लिहून कळव.